आजीव वर्गणीदार

माझ्या बायकोचे मोठे मामा म्हणजे सबंध हैदराबादेत मासिकाच्या वर्गणीचं अर्थशास्त्र उमगलेला एकमेव माणूस. बाकीची दुनिया मासिक आवडलं तर वर्गणी भरते आणि वर्ष संपलं की विसरून जाते. मामांच्या मते ही निव्वळ उधळपट्टी. वर्गणी भरायची ती आजीव, आणि आजीव वर्गणी म्हणजे मासिक आणि वर्गणीदार यांच्यात लागलेली पैज: आधी कोण जातं ते बघायचं. ही पैज जिंकायची तर वर्गणीदार दणकट हवा आणि मुख्य म्हणजे कोवळा हवा. म्हणून मराठवाड्यातल्या एका गावाहून निघणाऱ्या मराठी मासिकाची आजीव वर्गणी भरायचं मामांनी ठरवलं, तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही. घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं घातलं. ते माणूस तेव्हा पाळण्यात होतं आणि पुढे माझी बायको झालं. बारशाला कुणी चांदीची वाटी आणली, कुणी वाळे आणले; मामांनी पाळण्यात वर्गणीची पावती ठेवली. माझ्या सासूबाई त्यानंतर बरेच दिवस भावाशी बोलल्या नाहीत. "वाटी काय, आज ना उद्या चेपती," मामा म्हणाले म्हणतात, "पोरगी म्हातारी होईस्तोवर हे येत राहील." शेजारच्या बाईंना तेव्हा दिवस गेले होते, म्हणजे याहूनही कोवळा वर्गणीदार मिळण्यासारखा होता, पण फॉर्मवर नाव लिहावं लागतं, म्हणून तो विचार त्यांनी सोडून दिला.

आता एवढी गुंतवणूक केल्यावर माणूस तिच्याकडे लक्ष ठेवणारच. भाचीला शिंक आली की मामा नल्लकुंट्यातल्या आपल्या घरून काढा घेऊन मलकपेठेत बहिणीच्या दारात हजर. शाळेची सहल निघाली की तिथलं पाणी किती खोल आहे याची चौकशी आधी मामा करून येणार. तिनं कॉलेजात स्कूटी घेतली तेव्हा त्यांनी दोन हेल्मेटं आणली, एक हरवलं तर दुसरं असावं म्हणून. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो आणि आमचं लग्न ठरू घातलं, तेव्हा आमच्या पुण्याच्या घरात जे जे प्रश्न विचारले गेले ते इथे सांगण्यात अर्थ नाही; पण मामांनी त्यांतला एकही विचारला नाही. त्यांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही. "गाडी किती जोरात चालवता, जावईबापू?" एवढंच विचारलं. हळू चालवतो म्हटल्यावर त्यांनी रुकार दिला. लग्नात सगळे आमच्यावर फुलं टाकत असताना मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पत्ता बदलल्याचं कार्ड टाकायचं विसरू नका." अशा रीतीनं ते मासिक बायकोबरोबरच दिलसुखनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये नांदायला आलं.

मासिक भाचीच्या नावावर असलं तरी वाचणार मामाच, हे उघड होतं. बायको जन्मानं हैदराबादची आणि इंग्रजी शाळेतली. मराठी फर्डं बोलते, त्यात तेलुगू आणि दखनी सढळ हातानं घालते, पण छापील जोडाक्षर दिसलं की तिचं पाऊल अडतं. घोटाळा केला तो मामांच्या तत्त्वांनी. दुसऱ्याच्या नावाचा कागद आपण चकटफू वाचणं ही त्यांच्या लेखी चोरी. सलूनमध्ये बाकीची गिऱ्हाइकं समोरची मासिकं चाळत असतात, तेव्हा मामा भिंतीवरच्या पालीकडे बघत बसतात. रेल्वेत शेजाऱ्यानं वर्तमानपत्र पुढे केलं तर आधी त्याच्या हातात केळं ठेवतात, मगच पान उलटतात. केळं नसेल तर "नक्को जी" म्हणून खिडकीबाहेर बघतात. मग पैसे स्वतः भरले असले तरी भाचीच्या नावाचा अंक वाचायचा कसा? यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की अंक भाचीला मोठ्यानं वाचून दाखवायचा. वाचणारे आपण, पण ऐकणार खुद्द वर्गणीदार. म्हणजे ती चोरी नाही, चाकरी झाली. ती अंगठा चोखत होती तेव्हापासून दर महिन्याला मामांनी तिला अंक वाचून दाखवला. स्वतःला दात येण्याआधी तिनं कवळीची निगा कशी राखावी यावरचा लेख ऐकला होता.

लग्नानंतर अंक आला की बायको मामांना फोन करायची आणि मामा पहिल्या बसनं यायचे. वेष्टनावर नाव तिचं, म्हणून ते फोडायचं तिनंच. घरी लॅपटॉपवर तिची ऑफिसची मीटिंग चालू असली तर मामा बंद अंक मांडीवर घेऊन, डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तसे बसून राहायचे. एकदा तिनं माईक बंद झाला असं समजून त्यांना खूण केली आणि मामांनी सुरुवात केली. परदेशातल्या साहेबांनी दुधी भोपळ्याच्या रसाचे गुण शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनाही हे कळल्यावर शरम वाटली, पण ती वेगळ्याच गोष्टीची. "म्हणजे त्या माणसानं फुकट ऐकलं की, माय," ते म्हणाले.

पैसे सगळ्या पानांचे भरलेत, म्हणून मामा सगळी पानं वाचायचे. संपादकीय, जाहिराती, वधूवर सूचक, कोड्याची उत्तरं आणि अखेरीस मालक-मुद्रक-प्रकाशकाची ती बारीक टाइपातली ओळ, सगळं एकाच सुरात. त्या सुराचाच परिणाम, की गेल्या वर्षी एका दुपारी संपादकीय संपता संपता त्यांनी वाचलं, "वाचकहो, आता आम्ही हात टेकले असून हा अंक अखेरचा आहे," आणि त्याच सुरात पुढचं संधिवाताचं तेल वाचायला घेतलं. बायको भेंडी चिरत होती. तेल झालं, वधूवर झाले, मुद्रक-प्रकाशक झाले, तेव्हा कुठे ती म्हणाली, "मामा, मघाशी काय वाचलं तुम्ही? अखेरचा?"

"हौ," मामा म्हणाले.

वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "मामा, पैज जिंकलात की. मासिक गेलं, वर्गणीदार ठणठणीत."

"हौ, जिंकलो," ते म्हणाले, आणि चहा न घेताच उठले. इतका हिरमुसलेला विजेता मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या महिन्यात मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मामींना जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि भाचीच्या सासरी बिनकामाचं जाऊ नये हा त्यांचा जुना दंडक. "सासर कसलं मामा, भाड्याचा फ्लॅट आहे," बायको फोनवर म्हणायची. "काम काय आहे ते सांग," मामा म्हणायचे. जेवायला या म्हटलं तर जेवण नल्लकुंट्यातही मिळतं. जुने अंक पुन्हा वाचून दाखवा म्हटलं तर त्यांचे पैसे वसूल झालेले आहेत. एकदा ते आमच्याच बाजारात दिसले, हातात पिशवी, आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. शर्ट अंगावर लोंबत होता. घरी चला म्हटलं तर "आज काही काम नाही ना माय, मग उगं कशाला," असं म्हणून बसस्टॉपकडे चालू लागले. बायको भर बाजारात रडली. एवढी वर्षं ज्याला आम्ही मामांचं खूळ म्हणत होतो ते त्यांचं आमच्याकडे येणं होतं, आणि तेच बंद पडलं होतं. हा माणूस असाच एक दिवस काही काम नाही म्हणून कायमचा निघून जाईल, अशी धास्ती आम्हा दोघांच्या मनात बसली.

बायकोनं मग दुसरं एक मराठी मासिक शोधून काढलं आणि त्याच्या कचेरीत फोन लावला. आजीव वर्गणी हवी म्हणाली आणि मामांचं नाव सांगितलं. पलीकडच्या गृहस्थांनी वय विचारलं आणि ते ऐकल्यावर स्वतःच्या धंद्याचं नुकसान सोसून म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण वार्षिक घ्या. तुम्हाला तेच परवडेल."

"आजीवच पाहिजे," ती म्हणाली.

पहिला अंक नल्लकुंट्याला पोचला त्याच दिवशी मामांचा फोन आला. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "अक्कल गहाण ठेवली का गं? आजीव? आणि माझ्या नावावर? मी आता असा राहणार किती? सगळे पैसे बुडाले तुझे."

"मग बुडू देऊ नका ना," बायको म्हणाली. "वसूल होईस्तोवर राहा."

मग मामा खाकरले. "नाव माझं असलं तरी पैसे तुझे आहेत," ते म्हणाले. "मी एकट्यानं वाचणं काही बरोबर नाही. तूच येऊन वाचून दाखव."

तेव्हापासून रविवारी आम्ही नल्लकुंट्याला जातो. वेष्टन मामा फोडतात, अंक भाचीच्या हातात देतात आणि खुर्चीत डोळे मिटून बसतात. ती घाट चढल्यासारखी वाचते. 'उत्कृष्ट'पाशी दम खाते, 'स्वातंत्र्य' तुकड्यातुकड्यांनी पार करते. मामा दुरुस्त करत नाहीत, शब्द पुरवत नाहीत, नुसते थांबतात. या चालीनं एक अंक चार-चार रविवारांतही संपत नाही, जुना पुरा होण्याआधी नवा येऊन पडतो, आणि मामा म्हणतात, "पर्लेदु, चालतंय, घाई कुणाला आहे?" अलीकडे मात्र ऐकता ऐकता त्यांना झोप लागते. पूर्वी लागत नसे. त्यांची मान कलली की बायको वाचायची थांबते आणि त्यांच्या छातीकडे बघते. श्वास हलताना दिसला की ती ओळीवर बोट ठेवून बसते, आणि ते जागे होईपर्यंत पुढचं एक अक्षर वाचत नाही.