बांधीतल्या कडपा

धान कापायचा दिवस आम्ही ठरवत नाही. गावात कापणाऱ्या बायांची एक टोळी आहे, दहा-बारा जणींची. ती आज एकाच्या बांधीत, उद्या दुसऱ्याच्या, अशी पाळीपाळीने फिरते. आपल्या दिवशी नको म्हटलं की आपली पाळी सगळ्यांच्या शेवटी जाते, आणि लवकर पिकणारं हलकं धान तेवढं थांबत नाही. दाणा गळायला लागतो. शिवाय तोवर निम्म्या बाया कापूस वेचायला दुसऱ्या तालुक्यात निघून गेलेल्या असतात.

त्या वर्षी बाया दीक्षाभूमीवरून परतल्या आणि चौथ्या दिवशी आमची पाळी लागली. नाल्याकाठचा बांध घातलेला खालचा तुकडा, ती बांधी, म्हणजे आमच्या घरचं वर्षभराचं खाणं. वरच्या तुकड्यातलं धान मूल गावच्या बाजारात जातं, खालचं घरी येतं. रेशनचा तांदूळ आई रांधते, पण स्वतःच्या ताटात घेताना तिचा हात आखडतो.

मी नुकतीच कॉलेज संपवून घरी आले होते. शाळा चंद्रपूरला झाली, मावशीकडे राहून, इंग्रजी माध्यमात. गावात मी फार बोलत नाही. लोक त्याला शिष्टपणा समजतात आणि मी ते कधी खोडून काढलं नाही, कारण खोडून काढायलाही बोलावं लागतं. घरात एक काम मात्र न सांगता माझ्याकडे आलं होतं, फोनवरचं हवामान वाचून दाखवायचं. बाबा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण त्या अ‍ॅपमधलं इंग्रजी माझ्या वाट्याचं. चार दिवस ते रोज संध्याकाळी विचारत होते, मी कोरडं दाखवतंय म्हणत होते, आणि ते खरंही होतं.

कापणीच्या दिवशी सकाळी मी डबे भरत होते तेव्हा इशारा आला. आज दुपारनंतर जिल्ह्यात विजांसह पाऊस. बाहेर अंगणात बाया विळे मांडीखाली ठेवून चहा पीत होत्या. बाबा त्यांच्याशी कशावरून तरी हसत होते, आणि त्यांना हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. मी फोन उपडा ठेवला. स्वतःला सांगितलं, असे इशारे कितीदा तरी फुकट जातात. तेही खरं होतं. पण मी गप्प राहिले ते त्यामुळे नाही. इतक्या बायांसमोर उभं राहून आज कापू नका म्हणायचं, हे मला जमलं नसतं.

शेतात मी राखणीला होते. नाल्याच्या पलीकडे जंगल सुरू होतं. पावसाळ्यात शेजारच्या गावच्या एका बाईला निंदण करताना वाघाने नेलं होतं. तेव्हापासून वाकून काम करणाऱ्यांच्या मागे एक माणूस थाळी आणि चमचा घेऊन उभा राहतो. झाडीत काही हललं की थाळी वाजवायची आणि ओरडायचं. मला विळा चालवता येत नाही, म्हणून थाळी माझ्याकडे आली.

टोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला याची मोठी गंमत वाटली. "इंग्रजीत आवाज देजो बाई," ती वाकल्यावाकल्याच म्हणाली. "आपला वाघ मराठी शाळेतला हाये. आयकूनच पळन."

दुसरीचं म्हणणं पडलं की ही तोंड उघडेपर्यंत वाघ जेवून हात धुवून घरी गेलेला असेल. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि झाडीकडे बघायचं सोडून आकाशाकडे बघत राहिले. दुपारपर्यंत ते स्वच्छ निळं होतं. मला जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं.

बाया भराभर कापत होत्या. कापलेल्या धानाच्या मुठी मागे ओळीने आडव्या पडत होत्या. त्यांना आम्ही कडपा म्हणतो. तीन-चार दिवस त्या तशाच उन्हात वाळू द्यायच्या, मग भारे बांधून पुंजणं रचायचं. उभं धान थोडा पाऊस सोसतं. आडव्या पडलेल्या कडपेला तो सोसत नाही.

चारपर्यंत सगळी बांधी आडवी झाली. चारनंतर नाल्याकडे कोणी थांबायचं नाही, असं वनरक्षकाने घरोघरी सांगितलेलं होतं. आम्ही पांदणीने परत निघालो आणि मागून ढग आले. वारा एकदम गार झाला. बाबा उभे राहिले. आई म्हणाली, भारे बांधून कडेला धुऱ्यावर तरी ओढू. पण हिरवट धान बांधलं की आतून तापतं हे तिलाच आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि बाया तर वळणापुढे गेल्या होत्या. बाबा एकटेच मागे फिरले. आईने त्यांचा सदरा पाठीमागून मुठीत धरला. मूठ तिने सोडली नाही. असे ते दोघं भर रस्त्यात उभे होते आणि पाऊस सुरू झाला.

तो तीन दिवस पडला.

चौथ्या दिवशी गेलो तेव्हा बांधीत घोट्याच्या वर पाणी होतं आणि काही कडपा एका कोपऱ्यात वाहून आल्या होत्या. बाबांनी धुरा फोडून पाणी काढलं. आम्ही एकेक कडप उचलून पालथी करत गेलो. खालच्या बाजूला दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते, अगदी टवटवीत. आईने एक लोंबी नाकाजवळ नेली आणि लगेच दूर केली. दोन दिवसांनी ऊन पडलं, पण तोवर कोंब हिरवे झाले होते. पंचनाम्याला एक माणूस येऊन गेला. चपला चिखलाने भरू नयेत म्हणून त्याने धुऱ्यावरूनच फोटो काढला.

त्या चौथ्या दिवशीच, आई पाणी आणायला घरी गेली तेव्हा, मी बाबांना सांगितलं. कापणीच्या सकाळी इशारा आला होता, मी वाचला होता, आणि बोलले नाही. एवढं बोलायला मला तीन ओळी कडपा उलटाव्या लागल्या.

बाबांनी हातातली कडप खाली ठेवली. "सांगतलं असतं तरी कापलंच असतं," ते म्हणाले. "बाया दारात आल्या होत्या ना."

मी पुढची कडप उचलली.

"मलेही दिसून राह्यलं होतं," ते म्हणाले. "वारा पहाटेच फिरला होता. म्या तुह्या मायले नाई सांगतलं."

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. चूक माझी असती तर पुढच्या वर्षी ती टाळता आली असती. पण त्या अंगणात आम्हा दोघांनाही पाऊस दिसत होता, आणि आम्ही दोघांनीही बायांना चहा दिला.

कापलेल्यातलं थोडं घरी आणून झोडपलं. दाणा काळा पडला होता, गिरणीत त्याची नुसती कणी झाली. बाकीचं बांधीतच पडून होतं, त्यावर बाबांनी सातव्या दिवशी गुरं सोडली, निदान त्यांच्या तरी पोटात जाईल म्हणून. गाई कडपांजवळ गेल्या, त्या हुंगून वळल्या, आणि धुऱ्यावरचं गवत खाऊ लागल्या. बाबांनी एकीला हाकत पुन्हा कडपांवर नेलं. ती तिथे उभी राहिली, पण तिने तोंड खाली घातलं नाही.