हाम्रारच्या चुलीवरचं दूध

कवी व्हावं असं आमच्या क्राकदाल खोऱ्यात कुठल्याच शहाण्या माणसाला वाटत नाही. ओळी जुळवतात सगळेच, तो भाग वेगळा. मेंढरं हाकताना, गवत कापताना कुणीतरी दोन ओळी फेकतो आणि ऐकणाऱ्यानं पुढच्या दोन यमकासकट परत फेकायच्या, एवढाच आमचा खेळ. अर्धी कविता ऐकून गप्प बसणं म्हणजे पाहुण्याला बाहेर बर्फात उभं ठेवणं. पण कवी म्हणून एकदा का नाव झालं, की मेलात. मग कुणाची पन्नाशी असो, कुणाच्या मेंढ्याला प्रदर्शनात बक्षीस मिळो, कुणी वारो, लोक तुमच्याच दारात. केतिलचं तसं झालं होतं.

केतिल म्हणजे हाम्रार या शेतवाडीचा शेतकरी. ओढ्याच्या अलीकडे माझं घर, पलीकडे त्याचं. लांबलचक, पोक काढून चालणारा माणूस, आणि चेहरा कायम नुकताच झोपेतून उठवल्यासारखा. त्याच्याकडे कविता कुणी मागायचं नाही, सरळ हुकूम सोडायचे. "केतिल, शनिवारी माझ्या सासूचा वाढदिवस. तिला हसू येईल असं काहीतरी टाक, पण जास्त नको, कवळी पडते तिची." तो बिचारा मान डोलवायचा. मागच्या हिवाळ्यात कुत्र्यावर लिहून दिलं म्हणून पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्यानं घोड्यावर मागितलं. जीव मेटाकुटीला आला होता त्याचा, पण नाही म्हणायची हिंमत नव्हती.

आता फोनचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तेव्हा सगळ्या खोऱ्यात मिळून एकच तार होती. प्रत्येक घराची घंटा वेगळी. हाम्रारची दोन लांब, एक आखूड. पण वाजायची ती सगळ्यांच्याच घरात, आणि दोन लांब एक आखूड ऐकू आली, की आम्ही हातातली कामं टाकून रिसीव्हर उचलायचो. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं सगळ्यांनी, पण ऐकलं असं कबूल करायचं नाही कुणीच. तेवढी लाज आम्ही पाळत होतो.

बहुतेक वेळा घंटा वाजवणारा आस्वाल्डूर असायचा. हा आमचा गावप्रमुख, घसा एवढा मोठा की त्याला फोनची गरजच नव्हती. एकदा मेंढ्या डोंगरावरून उतरवायच्या दिवसांत त्यानं फोन केला.

"केतिल! ऐक रे. 'मेंढा माझा पळून गेला ओढ्यापलीकडे, शिंगांत त्याच्या अडकलेत शेजारणीचे कपडे.' बोल आता पुढे!"

तारेवर सगळं खोरं श्वास रोखून बसलं.

"थांब हं जरा," केतिल म्हणाला. "चुलीवर दूध उतू जातंय."

मग खुडबुड, कुजबुज, आणि थोड्या वेळानं तो परत आला. "'कपडे सोड, मेंढा सोड, दोन्ही आता तिचे. तुझ्या घरून पळण्यामध्ये शहाणपण त्याचे.'"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मीच असेन. आस्वाल्डूर गरजला, "कोण ऐकतंय रे तिकडे?" आणि पटापट रिसीव्हर खाली पडले.

तर हाम्रारच्या चुलीवर हे दूध वर्षानुवर्षं उतू जात होतं. घरात गाय एक, तीही म्हातारी. केतिल रिसीव्हरवर पंजा दाबून धरायचा, पण पंजा तो पंजाच, काही उशी नव्हे. त्याच्या बोटांमधून स्टेनवरचा आवाज सगळ्या घरांत पोचायचा. स्टेनवर त्याची बायको. चुलीपाशी उभी, पळी हातात, आणि वळूनही न बघता पुढच्या दोन ओळी सांगून मोकळी. केतिलला सुरुवात झकास सुचायची. शेवट त्याला आयुष्यात कधी सुचला नाही. शेवट सगळे तिचे.

हे खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त केतिलला, म्हणजे आम्हाला ठाऊक आहे हे. सांगणार तरी कोण? सांगायचं म्हणजे आम्ही चोरून ऐकतो हे आधी कबूल करायला हवं.

एकदा महिला मंडळासाठी आम्ही दोघी कणकेचे पीळ तळत होतो, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "स्टेनवर, तुला कधी वाटत नाही का गं, लोकांनी तुझंही नाव घ्यावं?"

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मी काय विचारतेय आणि ते मला कुठून कळलं, दोन्ही तिच्या लक्षात आलं.

"नाव त्यालाच लखलाभ होऊ दे बाई," ती म्हणाली. "चाळीस मेंढ्या, एक गाय, एक नवरा. मला आणखी एक काम नको." आणि पीळ उलटायला लागली. तिचे हात तेव्हाच किती सुकले होते, ते माझ्या आता ध्यानात येतं.

त्या शरदात ती शहरातल्या इस्पितळात गेली. केतिल एकटा. त्याच सुमारास कुणाच्या तरी साठीला त्यानं चार ओळी वाचल्या. पहिल्या दोन बऱ्या होत्या. नंतरच्या दोन इतक्या पाणचट की आम्ही सगळे एकदम टाळ्या वाजवायला लागलो, मोठमोठ्यानं. न वाजवून करतो काय?

फेब्रुवारीत स्टेनवर गेली. रस्ता बर्फानं बंद, म्हणून दफनाला दिवस लागले. आमच्याकडे दफनानंतर सभागृहात कॉफी असते आणि तिथं गेलेल्या माणसावर कविता वाचतात. वाचल्याशिवाय माणूस नीट गेल्यासारखा वाटत नाही. खोऱ्यातल्या प्रत्येक मयताला केतिलनंच वाटेला लावलेलं. मग स्वतःच्या बायकोला?

दोन लांब, एक आखूड. मी रिसीव्हर उचलला.

"केतिल," आस्वाल्डूर म्हणाला, चक्क हळू आवाजात. "स्टेनवरवर... तू लिहिशीलच ना? चार ओळी?"

मी डोळे मिटून बसले होते. दुधाचं तेवढं काढू नकोस रे, असं मनात म्हणत होते.

"बघतो," केतिल म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सूपाचं भांडं घेऊन मी त्याच्याकडे गेले. स्वयंपाकघर गार, चूल विझलेली. टेबलापाशी तो नुसता बसला होता.

"होत नाही, ओड्नी," तो म्हणाला.

"कसं होणार? खाल्लंस का काही?"

"तसं नव्हे. मला जमतच नाही. कधीच जमलं नव्हतं. मी एक नंबरचा खोटा माणूस आहे. सगळ्यांसमोर कबूल करून टाकणार आहे उद्या. दमलो गं मी. आणि मग म्हणतील, बायकोचं चोरून मिरवत होता आयुष्यभर, आता तिच्या मयताला दोन ओळी नाहीत याच्याकडे."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, अरे वेड्या, आम्हाला माहीत आहे. पण त्याला आणखी किती ऐकवायचं? एवढी वर्षं जे लपवलं, ते सगळं खोरं रोज ऐकत होतं, हे त्या दिवशी कळलं असतं तर माणूस कोसळला असता. मी चूल पेटवली, सूप तापवलं, तो खाईपर्यंत समोर बसून राहिले. घरी येताना ओढ्यावर रडले मात्र.

दफन झालं. सभागृहात कॉफी, धुरावलेलं मटण, मलईचे केक, सगळं नेहमीसारखं. फक्त केक थोडे कोरडे होते, कारण एरवी ते स्टेनवर करायची. मग आस्वाल्डूरनं चमचा कपावर वाजवला आणि केतिल उठला. हातात कागद नव्हता. कोट खांद्यांवरून घसरत होता.

"'हाम्रारच्या चुलीवरचं दूध ना गेलं उतू,'" तो म्हणाला. थांबला. "'दोन ओळी माझ्या झाल्या, पुढल्या सांग तू.'"

आणि त्यानं सभागृहाच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तो खरंच वाट पाहत उभा राहिला. तिला लागायचा तेवढा वेळ.

आता हे लक्षात घ्या, की त्या खोलीत बसलेल्या एकेकाला लहानपणापासून हीच खोड. दोन ओळी कानावर पडल्या की पुढच्या दोन आपोआप ओठांवर येतात, शिंक यावी तशा. मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. प्रत्येकाला सुचलं होतं. पाद्रीबुवांचे ओठ हलत होते. आस्वाल्डूरनं तर तोंड उघडलंसुद्धा. या माणसानं जन्मात एक यमक आत ठेवलेलं नाही. त्यानं तोंड तसंच मिटलं, रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं.

क्राकदालमध्ये अर्धी कविता अर्धीच राहिली, आणि सगळ्यांनी ती राहू दिली.

केतिल खाली बसला. मी त्याच्या कपात कॉफी ओतली.

त्यानंतर त्याच्याकडे कुणी कविता मागितली नाही. पन्नाशीला लोक आता स्वतःच काहीतरी भयानक लिहून आणायचे. पुढे प्रत्येक घराला वेगळी तार मिळाली आणि तेही सुख गेलं. केतिल माझ्याकडे रविवारी कॉफीला यायचा, बसल्या बसल्या पेंगायचा. अशाच एका रविवारी त्यानं डोळे उघडले.

"ओड्नी, दुधाचं तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"केतिल, तुमच्याकडे गाय एकच होती."

त्यानं कपातली कॉफी ढवळली. कान लाल झाले होते त्याचे.

"मग त्या दिवशी सभागृहात... पुढचं सुचलं होतं सगळ्यांना?"

"सुचलं होतं."

"तुला?"

"मलाही."

"तिच्यापेक्षा बरं होतं?"

"छे रे."

"मग राहू दे," केतिल म्हणाला आणि कप पुढे केला.