जुन्या फोनातली चौकशी

सात वर्षांत मी फोनवर एकदाही खोटं बोललो नाही. असं म्हणणारी माणसं पुष्कळ भेटतात. माझ्याकडे पुरावा होता. माझा जुना फोन येणारा-जाणारा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड करायचा. दूधवाला, व्याही, शिक्षण खात्यातले साहेब, कुणाचाही कॉल काढून ऐकावा. मी सगळ्यांशी खरं बोललोय.

समोरासमोर काय बोललो ते मात्र कुठं रेकॉर्ड होत नाही. म्हणून हे लिहितोय. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच.

निमित्त अगदी साधं आहे. फोन बदलावा की नाही?

फोन म्हातारा झाला होता. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं, ते मी रबर लावून दाबून ठेवलं होतं. चार्जरला लावला तरच बोलता यायचं. पुण्याच्या मुलीने स्वतःचा वर्षभर वापरलेला, मागे सफरचंद असलेला फोन मला पाठवून दिला. "बाबा, आता तरी हा घ्या." तो चार महिने कपाटात पडून राहिला.

का घेत नाही, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो — चालतंय तोवर चालवायचं. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, त्यामुळे माझ्या आळसालाही लोक तत्त्व म्हणतात. आमच्या गंगाखेडात एका व्याख्यानमालेत सूत्रसंचालकाने माझी ओळख करून देताना तो फोन हातात घेऊन सभागृहाला दाखवला. "एवढा मोठा माणूस, आणि फोन बघा!" टाळ्या पडल्या. आयुष्यात माझ्या बऱ्याच गोष्टींना टाळ्या पडायला हव्या होत्या. त्या रबराला पडल्या.

जवळच्यांना मी दुसरं कारण सांगायचो. नव्या फोनवर कॉल रेकॉर्ड करायला गेलं की तो आधी दोन्हीकडे मोठ्याने सांगतो, हा कॉल रेकॉर्ड होतोय म्हणून. मग माणसं खरं कशाला बोलतील? हे कारणही खरं होतं. आमच्या गल्लीत माझ्या रेकॉर्डिंगचा दबदबा होता. एकदा गणपतीच्या मंडपवाल्याने ठरलेला भाव नाकारला, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याचाच आवाज त्याला ऐकवला. मंडळाने मला शाल दिली. तेव्हापासून काही वाद झाला की लोक म्हणायचे, "सरांच्या फोनात असंल."

असायचंच. तेच तर —

तिसरं कारण होतं एक रेकॉर्डिंग. दोन मिनिटं अकरा सेकंदांचं.

दिगंबर माझा शेजारी. एसटीत कंट्रोलर होता. आम्ही एका वर्गात शिकलो, त्यामुळे मला अरे म्हणणारा गावात तो एकटाच उरला आहे. त्याची थोरली मुलगी वर्षा माझी विद्यार्थिनी. माझ्याकडून पुस्तकं न्यायची, वाचायची, आणि — हे फार दुर्मीळ आहे — परत आणून द्यायची. तिच्याबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मला काही शोधता येणार नाही.

आमच्याकडे सोयरीक जमायला आली की चौकशी होते. पत्रिका, शिक्षण, शेतीवाडी सगळं पटलं की मुलाकडचं कुणीतरी मुलीच्या गावातल्या तिऱ्हाईताला फोन लावतं. हा तिऱ्हाईत शक्यतो शिक्षक असतो. त्याने वाईट बोलायचं नसतं, हा नियमच आहे. कुणाच्या लेकीबद्दल वाईट बोललं की पाप लागतं. मग नको असं सांगायचं कसं? त्याचीही पद्धत आहे. मुलीबद्दल विचारलं की घराबद्दल सांगायचं. विचारणारा "बरं बरं" म्हणतो, पावसापाण्याचं विचारतो, फोन ठेवतो. सोयरीक तिथंच संपते. कुणी कुणाचं वाईट केलेलं नसतं, आणि पाप कुणाच्याच नावावर जात नाही.

पाच वर्षांपूर्वी वर्षासाठी देवगाव फाट्याजवळच्या एका गावातलं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं. मुलाच्या वडिलांनी मला फोन लावला. रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला नमस्कार-चमत्कार आहेत. मग ते विचारतात, "मुलगी कशी हाय, सर?"

त्यानंतर चार सेकंद काही नाही. मागं आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येते.

मग माझा आवाज. शाळेत प्रार्थनेनंतर बोलायचो तसा, स्वच्छ, सावकाश. "दिगंबरराव म्हणजे देवमाणूस हो. तीस वर्षं एसटीत काढली, कुठं डाग नाही."

"बरं, बरं. पाऊस काय म्हणतोय तिकडं?"

"आहे बऱ्यापैकी."

पाऊस खरंच होता. दिगंबर खरंच देवमाणूस आहे. सगळं संभाषण तपासून पाहा — एक शब्द खोटा नाही. "सोन्यासारखी पोर आहे" एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

का? तीन वर्षं आधी हेच गृहस्थ याच मुलासाठी आमच्या मुलीला बघायला आले होते. पोह्यांसारखी फोडणी दिलेली मुरमुऱ्यांची सुशीला दोनदा मागून खाल्ली, चहा घेतला, "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही. आता फोनवर माझ्याशी बोलताना त्यांना आमचं घर आठवतसुद्धा नव्हतं. आमच्या मुलीला नको म्हटलेल्या घरात दिगंबरची मुलगी जाणार — चार सेकंदांत माझ्या डोक्यात एवढंच होतं. आमच्या मुलीचं तेव्हा पुण्यात लग्न होऊन वर्ष झालं होतं, सुखात होती. म्हणजे रागालाही काही कारण उरलं नव्हतं. तरीही होता.

आठवड्याने तिकडून निरोप आला — यंदा कर्तव्य नाही.

दिगंबर माझ्या ओट्यावर येऊन बसला. "कुणीतरी मोडता घातला रे," तो म्हणाला. मग म्हणाला, "काशाच असंल. दुसरं कोण?"

काशिनाथ हा त्याचा धाकटा भाऊ, पेडगावला असतो. आपल्या मेहुण्याच्या मुलासाठी त्याने वर्षाला मागणी घातली होती, आणि दिगंबरने नाही म्हटलं होतं. त्यामुळे संशयाला जागा होती. जागा भरायला मी होतोच.

"तुला आलता का रे कुणाचा फोन?" त्याने विचारलं.

"नाही."

हे झालं खोटं. एक शब्द. पण त्याने पुढं विचारलं, "काशा आसं करंल का रे?" — आणि मी म्हणालो, "माणसाचं काही सांगता येत नाही." हे वाक्य खोटं नव्हतं. पाच वर्षं दोन भावांमध्ये उभं राहिलं ते हे वाक्य. 'नाही'चं काय, ते मी दुसऱ्या दिवशीही मागं घेऊ शकलो असतो.

दीड वर्षाने वर्षाचं लग्न वसमतला झालं. चांगलं चाललंय तिचं. चुलत्याला पत्रिका गेली नाही. लग्नाच्या दिवशी मी पान खायला मंगल कार्यालयाबाहेर आलो, तर समोरच्या टपरीवर काशिनाथ बसलेला. नवं धोतर, नवी टोपी. आतून मंगलाष्टकं ऐकू येत होती. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, तसा तो उठला आणि स्टँडकडं चालायला लागला. मी खांबाच्या मागं होतो. दिगंबरला मी हे सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग ते रेकॉर्डिंग पुसून का टाकलं नाही? मीही विचारलंय स्वतःला. मला वाटतं, ते आहे तोवर 'एक दिवस सांगणार आहे' असं म्हणता येत होतं. कधीतरी ऐकायचो. चार सेकंदांच्या जागी तीनच असतील अशी आशा असायची. चारच असायचे. फोन बदलत नव्हतो तो यासाठी. बाकी साधेपणा वगैरे लोकांनी मला दिला, आणि दिलेलं परत कशाला करायचं?

यंदा काशिनाथचा फोन आला.

"सर, पोराचं जमलंय. पण दादा आल्याबिगर अक्षता टाकवंना मला. तुमी सांगून बगा की. तवा आमी कुनाला कायबी बोललो न्हाई हो, लेकराची आन. तुमच्या फोनात समद्यांचं ऱ्हातंय म्हनत्यात. बगा की, काय घावतंय का."

"बघतो," मी म्हणालो.

आणि बघितलं. शोधावं लागलं नाही.

त्याच आठवड्यात फोनचा पडदाही एका बाजूने उचलला. बायको म्हणाली, घराबाहेर ठेवा ते, फुटेल. म्हणजे आता ठरवायला हवं होतं — फोन मरायच्या आत दिगंबरला ऐकवायचं, किंवा फोनबरोबर ते जाऊ द्यायचं. दोन भाऊ त्या दोन मिनिटं अकरा सेकंदांवर अडले होते. एका सकाळी मी धुतलेला सदरा घातला, फोन आणि चार्जर खिशात टाकला आणि शेजारी गेलो. ऐकवायचं असं ठरवूनच गेलो होतो. निदान मला तरी तसं वाटत होतं.

दिगंबरने फोन पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आरं मास्तरा, बाँब घेऊन फिरायलास का? चल, आधी हे बदलून आनू."

"मला तुझ्याशी जरा —"

"वाटंत बोल."

मी घरात जाऊन कपाटातला नवा फोन घेतला आणि त्याच्या स्कूटरवर मागं बसलो. का बसलो? वाटेत बोललोही नाही. स्कूटरचा आवाज फार होतो, हे मी स्वतःला सांगितलेलं आठवतं.

मोबाइलच्या दुकानात फेरोजभाईंनी दोन्ही फोन शेजारी ठेवले. "सर, नंबर, फोटो, मेसेज समदं येतंय. ह्या कॉलच्या रेकॉर्डिंगा तेवढ्या न्हाई येत तिकडं. पेनड्राइव्हवर काढून देऊ का? पाच मिनटाचं काम हाय."

"द्या द्या, काढून द्या," दिगंबरच बोलला. "समद्या गंगाखेडचं खरं हाय त्यात. ह्यानं मंडपवाला सरळ केलाय एका रेकॉर्डिंगनं." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मी म्हणालो, "नको. पुसून टाका."

"समद्या?"

"सगळ्या."

फेरोजभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग दिगंबरकडं. दिगंबर म्हणाला, "बराय. शाना झालास. कशाला लोकांचं बोलनं धरून बसायचं?"

इथं मी बोलू शकत होतो. याहून सरळ दार कुणाला उघडून मिळतं? मग तू काशिनाथचं काय धरून बसलायस, आणि ते त्याचं नाहीच, माझं आहे — एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडाशी आलं होतं हे खरं आहे. आणि मी फेरोजभाईंना विचारलं, याला कव्हर कोणतं बसेल.

पुसायला दीड मिनिट लागलं असेल. पडद्यावर एक निळी रेघ सरकत गेली. दिगंबर माझ्या खांद्यावरून ती बघत होता.

संध्याकाळी काशिनाथला फोन केला. म्हणालो, "काही सापडलं नाही." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, सर. तुमी एवढं बगितलं, लय झालं."

दिगंबरकडे लग्नाचा विषय मी काढला, हेही सांगायला हवं. न काढल्याचा आरोप नको. "जाऊन ये," म्हणालो. त्याने विचारलं, "तुला काय वाटतं, त्यानं केलं नसंल का?" मी म्हणालो, "झालं गेलं विसरावं." म्हणजे पुन्हा मुलीबद्दल विचारल्यावर घराबद्दल सांगितलं. तो "बरं बरं" म्हणाला. गेला नाही.

मी गेलो. पेडगावात शेतातच मांडव होता. काशिनाथने थोरल्या भावासाठी एक फेटा राखून ठेवला होता. मुहूर्त जवळ आला तरी तो तसाच हातात धरून रस्त्याकडं बघत होता. भटजी दोनदा म्हणाले, वेळ होतेय. शेवटी तो माझ्याकडे आला. "वडीलधारं कोनतरी पायजे, सर," म्हणाला, आणि तो फेटा मला बांधायला लावला. बांधणाऱ्याला नीट बांधता यावा म्हणून मी मान खाली घातली.

मग मी अक्षता टाकल्या, जेवलो, आणि नवरा-नवरीजवळ उभं राहून फोटो काढून घेतले, माझ्याच नव्या फोनवर. फेटा केशरी होता. रंग अगदी जसाच्या तसा आला आहे.