म्होरक्या

आमच्या शेंदूरजनाघाटात कुलदीपइतकं ताठ उभं राहणारं पोरगं दुसरं नव्हतं. त्याला पोलीस व्हायचं होतं. पहाटे तो आणि त्याचा जिगरी दोस्त शिवम वरूडच्या रस्त्यावर धावायचे. दिवसा कुलदीप पक्षाच्या युवा आघाडीचा तालुकाध्यक्ष म्हणून मिरवायचा. मिरवायचा म्हणजे राबायचा. अठरा वर्षांच्या पोरापोरींची नावं मतदार यादीत घालायला त्यानं घर न् घर पालथं घातलं. माझ्या नातीचं, खुशीचं नावही त्यानंच घातलं.

संत्र्याचा भाव पडला तेव्हा युवा आघाडीनं रस्ता अडवला. शिवम तापानं फणफणला होता, म्हणून आला नाही. पक्षाच्या नेत्याचा मुलगा पुढे उभा राहिला, फोटो काढून झाले आणि स्वारी गाडीत बसून निघून गेली. पोलिसांनी विचारलं, "तुमचा म्होरक्या कोण?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुलदीप छाती काढून पुढे झाला.

"मी हाय, साहेब."

अध्यक्षानं असंच वागायचं असतं, असं वाटलं बिचाऱ्याला.

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. पुढे पोलीस भरतीत दोघंही निवडले गेले. मैदानावर कुलदीप शिवमच्याही पुढे होता. पण चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा निघाला आणि कुलदीपचं नाव कटलं. त्याची माय, मैनाबाई, गुन्हा मागे घ्यायला लावा म्हणून नेत्याच्या दारात दिवसभर बसून राहिली. तिला चहा मिळाला. नेत्यानं नंतर पक्ष बदलला, गुन्हा कुलदीपच्या नावावर तसाच राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझं रक्त अजून उसळतं.

यंदा नगर परिषदेच्या मतदानाला मी खुशीला घेऊन गेलो. तिचं पहिलंच मत. कुलदीप मत टाकून केंद्राच्या फाटकाशी मायची वाट पाहत उभा होता. बंदोबस्ताला नेमका शिवम, अंगावर नवी खाकी. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, तुले पक्षाचा माणूस म्हून सारे ओळखतात. रेघेच्या भाईर उभा राय ना. साहेब पाहून राहिले."

कुलदीप केंद्राच्या हद्दीची चुन्याची रेघ ओलांडून गेला. मग वळला.

"तुयी टोपी वाकडी हाय, शिवम. नीट कर."

शिवमनं टोपी नीट केली. मान मात्र वर केली नाही.

रांग पुढे सरकली. खुशीनं मला विचारलं, "आबा, मशीनवर कुलदीपदादाचं नाव नाही काय?"

"नाही वं," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते.