स्वतःच्याच दाराची बेल

नियमकाकांचं खरं नाव टपाल कचेरीच्या हजेरीपटावर असेल तेवढंच. बाकी सगळीकडे ते नियमकाका. एकतीस वर्षं पोस्टमनची नोकरी. जिना चढताना उजव्या कडेने चढायचे, जिन्यात दुसरं चिटपाखरू नसलं तरी. घरचं वीजबिलसुद्धा त्यांनी कधी बायकोच्या हातात दिलं नाही. बटवडा करत करत आपल्या घराची पाळी आली की बिल पेटीत टाकायचं, एकदा बेल वाजवायची आणि पुढच्या दाराकडे वळायचं.

"अहो, मी समोर उभी आहे, द्या की हातात," काकू खिडकीतून म्हणायच्या.

"मग पेटी कशाला लावलीय?" काका चालता चालता विचारायचे.

माणूस वाईट नव्हता. नियम म्हणजे देवानेच आखलेली रेघ आहे आणि आपण फक्त तिच्यावरून चालतोय, असं त्यांना मनापासून वाटायचं. आता देव रेघा आखतो हे खरं, पण माणसाला अधूनमधून त्याच रेघेत पाय अडकवून पाडतो, हेही खरं.

झालं असं. काकू धाकट्या बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस तिच्याकडे गेल्या. घरात काका एकटे. बायको परत आल्यावर खूश होईल म्हणून त्यांनी काचेचं कपाट पुसायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. त्या कपाटात काकूंच्या आईने दिलेले सहा कप होते. पातळ, पांढरे, निळ्या काठाचे, प्रत्येकावर एक करडा पक्षी. त्यांतून चहा कधी कोणी प्यायलं नव्हतं. ते फक्त दाखवायचे. घरी कोणीही आलं, मीटर बघायला आलेला माणूस का असेना, काकू कपाटाकडे हात करून म्हणायच्या, "आईचे. सहाच्या सहा. आजवर एकालाही टवका नाही." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की काकांना वाटे, आपल्या लग्नाबद्दलसुद्धा ही इतक्या अभिमानाने बोलत नाही.

तर काकांचं कोपर लागलं आणि पाच राहिले.

दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. मग फोनवर, लोक घरातल्या जुन्या वस्तू विकतात त्या ठिकाणी, शोधता शोधता डोळे पाण्याने भरल्यावर एकदाचा तोच पक्षी सापडला. दूरच्या गावातला कोणी म्हातारा. 'एक कप आहे. तडा नाही. बायको वारली, मला कप लागत नाही.' काकांनी लगेच पैसे भरले. काकू रविवारी येणार होत्या, कप बुधवारी पोचणार होता. सहाचे सहा होणार होते. त्या रात्री काका पोटभर जेवले.

बुधवारी सकाळी कचेरीत खोकं आलं खरं, पण वर लाल शिक्का घेऊन. तिकिटं कमी. त्या म्हाताऱ्याने कपाला वर्तमानपत्रांच्या इतक्या घड्या गुंडाळल्या होत्या, की कपापेक्षा बातम्यांचंच वजन जास्त झालं होतं. नियम साधा होता. जितकी तिकिटं कमी, त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याने भरायचे.

काकांनी खिशात हात घातला. "बाई, हे माझंच आहे. घ्या पैसे."

पोस्टमास्तरबाईंना कचेरीत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी चष्मा खाली ओढला. "काका, तुमच्याकडून पैसे घेता येणार नाहीत."

"का?"

मोठ्या बाईंनी कपाटातून एक फाइल काढली, धूळ झटकली आणि तीन पानी अर्ज समोर ठेवला. काकांना अक्षर ओळखीचं वाटलं. वाटणारच, त्यांचंच होतं. अकरा वर्षांपूर्वी, सगळे ज्याला मिशाळ म्हणत त्या सहकाऱ्याने आपल्या नावाचं असलंच पार्सल 'पैसे उद्या देतो' म्हणून परस्पर घरी नेलं होतं. काकांनी त्याच्याविरुद्ध वरपर्यंत तक्रार केली होती. वरच्यांनी ती मनावर घेऊन नियमच केला, की कर्मचाऱ्याच्या नावाचं तुटीचं पार्सल कचेरीत त्याच्या हातात द्यायचं नाही. ते रीतसर त्याच्या पत्त्यावर, त्या भागाच्या पोस्टमनने न्यायचं. घरातल्या माणसाने दारात पैसे भरायचे. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही वेगवेगळ्या हातांची हवी.

"पण त्या भागाचा पोस्टमन मीच आहे," काका म्हणाले.

"हो ना," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हीच न्यायचं."

"आणि दार कोण उघडणार?"

"ते तुमच्या घरातलं मी कसं सांगू?"

कोपऱ्यातल्या टेबलावर टपाल वेगळं करता करता मिशाळ मिशीत हसला. "नियमकाका, तिसऱ्या पानावरचा शेवटचा परिच्छेद तर फार सुंदर उतरलाय. मी पाठ केलाय."

"मी उद्या रजा घेतो. घरी बसतो," काका म्हणाले.

"रजा घ्या. पण तुमच्या भागात फिरायला दुसरा माणूस नाही. तुमचं सगळं टपाल इथे पडून राहील आणि त्यात तुमचं पार्सलही पडून राहील. तीन फेऱ्या होतात, काका. आज, उद्या, परवा. परवा संध्याकाळी जिथून आलं तिथे परत."

काकांना वाद घालता आला असता. पण समोर आपलाच अर्ज, आपलीच सही. माणूस जगाशी भांडेल, आपल्याच अक्षराशी कसा भांडणार?

बुधवारी साडेअकराला काका खोकं घेऊन आपल्या घरासमोर उभे राहिले आणि त्यांनी बेल वाजवली. आत बेल घुमली. ते थांबले. पुन्हा वाजवली.

शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी टेप गळ्यात घालून बाहेर आल्या. "काका, आत कोणी नाही."

"माहीत आहे."

"तुम्ही तर बाहेर आहात."

"तेही माहीत आहे."

"मग वाजवता कशाला?"

"वाजवल्याशिवाय 'वाजवली' असं लिहिता येत नाही."

मावशी एक सुस्कारा टाकून म्हणाल्या, "बरं, द्या माझ्याकडे. पैसे मी देते, संध्याकाळी मला द्या."

काकांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण बोलले ते त्यांच्यातले एकतीस वर्षांचे पोस्टमन. "तुटीचं असेल तर घरातलंच माणूस लागतं. शेजारी चालत नाही."

"मला काय माहीत नाही? माझ्या भाच्याने कापड पाठवलं होतं. मी दवाखान्यात होते, माझ्या वरच्या मजल्यावरची बाई पैसे देत होती. तुम्ही परत पाठवलंत. मला आपलं बघायचं होतं, स्वतःसाठी तरी वाकता का." असं म्हणून मावशी आत गेल्या आणि लगेच मशीनचा खडखडाट सुरू झाला. काकांना तो टाळ्यांसारखा वाटला.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. 'आपण घरी नव्हता. कृपया उद्या याच वेळी घरी राहावे.' दाराखालून आत सरकवली. संध्याकाळी घरी आल्यावर दारातच ती पायाखाली आली. उचलून वाचली आणि त्यांना चक्क राग आला. याच वेळी घरी राहा म्हणे! लोकांना काय नोकऱ्या नसतात? एकतीस वर्षांत किती दारांखालून आपण हे सरकवलं, याचा हिशेब त्यांनी केला नाही. देवासमोर दिवा लावला तेव्हा मात्र डोळे मिटताना थोडी लाज वाटली.

गुरुवारी पुन्हा तेच. बेल, थांबणं, बेल. आज मावशी बाहेर आल्या नाहीत, खिडकीतूनच ओरडल्या, "कोणी नाही हो!"

दुसरी चिठ्ठी सरकवून काका आपल्याच पायरीवर बसले. खोकं मांडीवर. तपकिरी दोरी, गाठींवर गाठी. हलवलं तर आवाज नाही, म्हाताऱ्याने जिवापाड बांधलं होतं. उद्या तिसरी फेरी. घरातलं माणूस म्हणजे कोण? काकू. काकूंना बोलवायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं तर सहाच्या सहा गेले. नाही सांगितलं तर कप गेला, आणि रविवारी कपाट उघडल्यावर सहाच्या सहा जायचे ते जाणारच. खोटं बोलायचा विचार आला नाही असं नाही. पण काकांना खोटं बोलता येत नसे. प्रयत्न केला की कान लाल व्हायचे आणि फोनवरूनही ते काकूंना दिसायचे.

त्यांनी फोन लावला.

"अगं, तुझी बहीण कशी आहे?"

"बरी आहे. पट्टी काढली. तुम्ही कामाच्या वेळात फोन केलात? काय झालं?"

"उद्या सकाळी साडेअकराला तू घरी हवीस."

"कशाला?"

"माझ्या हातून आईचा एक कप फुटला. मी दुसरा मागवलाय. तो आलाय, पण तिकिटं कमी आहेत. मला माझ्याकडून घेता येत नाही. घरातलं माणूस लागतं." एका दमात बोलून त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

काकू म्हणाल्या, "सकाळच्या पहिल्या गाडीने येते," आणि फोन ठेवला. आवाज सपाट होता. काकांना तो ओरडण्यापेक्षा वाईट वाटला.

शुक्रवारी साडेअकराला काका दारात हजर. टोपी सरळ केली. बेल वाजवली.

दार उघडलं. काकू उभ्या होत्या, प्रवासातल्याच साडीत. पिशवी अजून खुर्चीवर.

काकांनी पावतीपुस्तक उघडलं. घसा खाकरला. "पार्सल आहे. तिकिटं कमी. आपल्याला भरावे लागतील..."

आकडा सांगण्याआधीच काकूंनी मूठ पुढे केली. तळहातावर तीन मोठी नाणी आणि एक छोटं. काकांनी पावतीवरचा आकडा बघितला, पुन्हा नाण्यांकडे बघितलं. बरोब्बर. एक पैसा कमी नाही की जास्त नाही.

"तुला कसं कळलं?"

काकूंनी सही केली, खोकं घेतलं आणि दोरीची गाठ न बघता अशी सोडवली, की बोटांना ती वाट पाठ असावी. "तो म्हातारा दर वेळी तेवढीच तिकिटं कमी लावतो," त्या म्हणाल्या.

"दर वेळी?"

"हा चौथा."

मावशींचं मशीन थांबलं होतं.

"पण एकही पार्सल माझ्या हातात आलं नाही," काका म्हणाले. हाच प्रश्न त्यांना आधी पडला.

"मी पुस्तकं बदलायला जाते ना, त्या वाचनालयाच्या पत्त्यावर मागवायचे. तो भाग मिशाळ भाऊजींचा. इथे मागवलं असतं तर तुम्हीच घेऊन आला असता ना, बेल वाजवत." काकूंनी वर्तमानपत्रं सोडवली. निळा काठ, करडा पक्षी. त्यांनी कप उजेडात धरला. "मला वाटायचं, तुम्हाला कळलं तर तुम्ही पाहुण्यांसमोर मला दुरुस्त कराल. 'सहा नाही, पाच,' म्हणाल."

काकांचे कान लाल झाले. म्हणाले असते, हे दोघांनाही माहीत होतं.

"त्यांतले आईचे कोणते?" त्यांनी हळूच विचारलं.

काकूंनी कप कपाटात पाचांच्या शेजारी ठेवला, दांडी उजवीकडे करून. मागे सरून बघितलं. "आता मलाही ओळखू येत नाहीत," त्या म्हणाल्या. "चहा टाकते. आत या."

"ड्यूटीवर आहे," काका म्हणाले. पावती फाडून त्यांनी तिच्या हातात दिली. मग बॅगेतून वीजबिल काढलं, पेटीपाशी गेले, थांबले, परत फिरले आणि तेही हातातच दिलं.

रविवारी मीटर बघायला माणूस आला. काकूंनी कपाटाकडे हात केला. "आईचे. सहाच्या सहा."

माणसाने काकांकडे बघितलं. काका जोडे पुसत होते.

"एकालाही टवका नाही," ते म्हणाले.