लॉनला भोकं पाडायचा शनिवार

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलची माती चिकट. उन्हाळाभर दबून दबून तिची फरशी होते, म्हणून सप्टेंबर संपता संपता लॉनला भोकं पाडून नवं बी टाकावं लागतं. भोकं पाडायचं मशीन मी आणि मागच्या गल्लीतला एक मित्र दर वर्षी मिळून भाड्याने आणतो. बारापर्यंत माझ्याकडे, मग त्याच्याकडे. धूड म्हशीएवढं जड आणि तितकंच हट्टी, वळवताना खांदे भरून येतात.

त्या शनिवारी नऊच्या सुमारास अर्धं लॉन झालं होतं, तेव्हा नागपूरहून दादाचा फोन आला. मी मशीन बंद केलं.

"आई गेली रे. तासभर झाला." मग म्हणाला, "तू निघतोयस का? निघत असशील तर बॉडी हॉस्पिटलमध्येच ठेवतो, तू आल्यावर करू. नाहीतर घरी आणून उद्या सकाळी आठला नेऊ."

आई दीड वर्ष आजारी होती. दोनदा मी धावत गेलो, आणि दोन्ही वेळा ती उठून बसली, याला आधी जेवायला वाढा म्हणून वहिनीच्या मागे लागली. आता जाऊन कोणाला भेटायचं, हे मला कळेना.

"थांबू नका," मी म्हणालो. "तिकीट मिळणं कठीण आहे." तिकीट मी बघितलंही नव्हतं.

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने लगेच फोनवर शोधलं. "आज संध्याकाळची फ्लाइट आहे. सीट अव्हेलेबल आहे. बुक करू?"

"आधी हे होऊ दे. बाराला मशीन द्यायचंय."

मी मशीन सुरू केलं.

काही वाटत नव्हतं. रडू येईल असं धरून मी दोन-तीनदा कुंपणाशी रेंगाळलो, पण आलं नाही. एरवी या कामात मी भरपूर टंगळमंगळ करतो, त्या दिवशी मात्र एक पट्टा सोडला नाही. बी टाकलं, खत टाकलं, बाराला मशीन मित्राच्या गाडीत चढवून दिलं. त्याला काही सांगितलं नाही. मग डोक्यावरून अंघोळ केली. ती सुतकाची होती की घामाची, मलाच ठाऊक नाही.

ऑफिसातून तीन दिवसांची सुट्टी मिळाली. तीनही दिवस मी सकाळ-संध्याकाळ पाइप धरून बियांवर पाणी मारत होतो. ओळखीच्या काकू डबे घेऊन आल्या. "तिकीटच मिळालं नाही, तर तू तरी काय करणार," असं प्रत्येकीने म्हटलं, आणि मी मान हलवली. बायको डबे फ्रिजमध्ये ठेवायची आणि गप्प बसायची. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला राग यायचा. तिने एकदा ओरडावं, असं वाटायचं.

तीन आठवड्यांत बाळाच्या जावळासारखं विरळ गवत आलं, आणि त्यावर मेपलची पानं पडायला लागली. दाताळ्याने ओढली तर कोवळी मुळं उपटून येतात. म्हणून एका रविवारी सकाळी मी उकिडवा बसून एकेक पान हाताने उचलत होतो, तेव्हा दादाचा फोन आला. तेराव्यापर्यंतचं सगळं नीट झालं होतं, घर आता रिकामं वाटतं, असं काहीबाही तो बोलत राहिला. मग म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. आठला नेणार होतो ना, नेलं नाही. दीडपर्यंत घरीच ठेवलं होतं आईला. मावशी म्हणाली, त्याला आत्ता सुचत नसेल, परत फोन करेल. मलाही तसंच वाटलं. मग फारच ऊन झालं."

"मग मला फोन का नाही केलास?"

"तू थांबू नका म्हणालास. परत कसं विचारायचं?"

मी मनात तास लावून बघितले. नागपूरचे आठ ते दीड, म्हणजे इथली शनिवारची रात्र. मशीन ओढून अंग आंबलं होतं, म्हणून मी लवकर आडवा झालो होतो आणि मला छान झोप लागली होती.