बत्तिसाव्या वर्षीचं घर

माझ्या नवऱ्याला ऑफिसात सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही. तीस वर्षं तो एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढायचे, हेच त्याचं काम. ट्रेसिंग पेपरवर वाकून रेघ ओढायची, चुकली की शाई ब्लेडने अलगद खरवडायची आणि पुन्हा ओढायची. जिन्याच्या एका पायरीत पाच मिलिमीटरचा फरक आला तरी साहेबाशी भांडायचा. "माणूस नेमका तिथेच ठेचकाळतो," म्हणायचा. इतकं बारीक बघणारा हा माणूस, आणि स्वतःची पंचवीस वर्षं कुठे गेली ते त्याला दिसलं नाही! एरवी मी त्याला अहो-जाहो करते. पण राग आला की माझं 'अहो' कुठल्या कुठे जातं, आणि आज मला राग आलेला आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

आमचं लग्न नवीन होतं तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. टेबल नव्हतं, म्हणून ड्रॉइंग बोर्ड पलंगावर. त्या बोर्डवर त्याने आमचं घर काढलं. तो बत्तीसचा, मी तिशीची. शहर सोडायचं, डोंगराच्या उतारावर थोडी जमीन घ्यायची, कोंबड्या, दोन शेळ्या, भाजीचे वाफे, चार फळझाडं, आणि मधोमध हे घर. खाली एक मोठी खोली, वर झोपायला पोटमाळा, वर जायला अकरा पायऱ्यांची उभी लाकडी शिडी. संडास घरापासून चाळीस पावलं खाली, पंप त्याच्याही खाली. माप कळावं म्हणून नकाशात माणसं काढतात, तशी त्याने दोन काढली होती. एक कुऱ्हाड खांद्यावर टाकलेला पुरुष आणि एक हातात बादली घेऊन शिडी चढणारी बाई. काय तिची ती कंबर! माझीच होती, नाही म्हणत नाही. होती.

मग मुलगी झाली, तिची शाळा झाली, ऑफिसात कॉम्प्युटर आले, ते शिकता शिकता याची मान आखडली. सत्तावन्नाव्या वर्षी साहेबाच्या मुलाने याला गोड बोलून घरी बसवलं. जमीन तेवढी आधी घेऊन ठेवली होती. हा दुसऱ्याच दिवशी कपाटातून तो पिवळा पडलेला कागद काढून तिकडे गेला आणि कामाला लागला.

गवंडी शहाणा निघाला. माझ्यासमोर म्हणाला, "साहेब, शिडीऐवजी जिनाच घालू या की. जागा आहे. पुढे तुम्हालाच बरं पडेल."

"नकाशात आहे तसं," हा म्हणाला.

"आणि संडास जरा जवळ?"

"नकाशात आहे तसं!"

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पण याचा चेहरा असा फुलला होता, की माझी जीभ रेटेना. माझंही चुकलंच. पण माझं चुकलं म्हणून त्याचं बरोबर होतं असं नाही.

आता माझी हकीगत ऐका. मी हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर. वय छप्पन्न. तीस वर्षं पेशंट उचलून कंबर गेली, जिने चढून गुडघे गेले, आणि पाळी जायची ती सरळ गेली नाही, जाता जाता अंगात भट्टी पेटवून गेली. घर उभं राहिलं, हा तिकडेच राहायला लागला, आणि वर्षभर मी दर शनिवारी दुपारी बसने तिकडे जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत ड्यूटीसाठी हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये. पत्र्याखालच्या त्या पोटमाळ्यात हा मला खिडकी उघडून दाखवायचा, "बघ, समोर अख्खा डोंगर!" डोंगर कसला बघतेय मी! घाम डोळ्यांत उतरत होता.

"जमतंय ना गं शिडीचं?" तो दर शनिवारी विचारायचा.

"न जमायला काय झालं? म्हातारी झाले का मी? आणि तुमचं?"

"मी तर दिवसातून दहा वेळा चढतो-उतरतो. मजा येते."

मुलगी फोनवर म्हणायची, "आई, किती रोमँटिक आहे गं तुमचं!" ये म्हटलं बाई एकदा राहायला, आणि पोटात कळ आली की अकरा पायऱ्या आणि चाळीस पावलं उतरून दाखव. तोंडाने मात्र म्हणायचे, "हो ना."

या वर्षी मी ठरवलं, नोकरी सोडायची आणि कायमचं तिकडे जायचं. अर्ज लिहिला. तो द्यायला शुक्रवार शेवटचा दिवस. पण नोकरी सोडली की क्वार्टर सोडावं लागतं, आणि आम्हाला दुसरं छप्पर नाही. एकदा तो कागद दिला की मरेपर्यंत डोक्यावर तोच पोटमाळा. क्वार्टर सोडण्याच्या फॉर्मवर नवऱ्याचीही सही लागत होती. शनिवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून बुधवारी ड्यूटी बदलून घेतली आणि न कळवता सकाळच्या बसने गेले. म्हटलं, खूश होईल.

हा घरात नव्हता. वर बघावं म्हणून धापा टाकत शिडी चढले. गादीवरची चादर रविवारी मी जशी घातली होती तशीच, सुरकुती नाही. उशीवर पत्र्यावरून पडलेली धूळ. खाली आले. कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी आम्ही खाद्य ठेवायला एक शेड बांधलीय, तिचं दार उघडं होतं. आत गेले.

खाद्याच्या पोत्यांवर सतरंजी अंथरलेली. उशाशी चष्मा, रेडिओ, गुडघ्याचा पट्टा, शेक घ्यायची रबरी पिशवी. आणि कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यामागे लपवलेली, रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बाटली. मी सिस्टर आहे. ती बाटली कशाला असते हे मला कुणी सांगायला नको. वॉर्डात जे पेशंट पलंगावरून उठू शकत नाहीत त्यांना मी स्वतःच्या हाताने ती देते.

तळपायाची आग मस्तकात गेली. हा वाफ्यांकडून लंगडत आला, मला बघून जागच्या जागी थांबला.

"अगं, तू? आज?"

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"इथे कधीपासून झोपतोस? खोटं बोललास तर ही बाटली तुझ्या डोक्यात घालीन!"

"दुपारची जरा पाठ टेकतो..."

"कधीपासून!"

तो खाली बघायला लागला. "पावसाळ्यापासून. उजवा गुडघा वाकतच नाही गं. शनिवारी तेवढा चढतो. शुक्रवारभर शेकून ठेवतो."

चार महिने! चार महिने हा माणूस कोंबड्यांच्या शेजारी, दाण्यांच्या वासात, उंदरांच्या संगतीत झोपत होता, आणि दर शनिवारी मला सांगत होता की मजा येते. मी जे सुटले ते सुटलेच. त्याला वेडा म्हटलं, लबाड म्हटलं, नको ते म्हटलं. कोंबड्या ओरडत पळाल्या. आणि त्या भरात माझ्या तोंडून गेलं, "तू गुडघा शेकतोस, आणि मी? बसमधून उतरले की तिथल्या बाकड्यावर बसून दुखण्याच्या दोन गोळ्या गिळते, तेव्हा कुठे तुझी ती शिडी मला चढता येते!"

तो बघतच राहिला. "दर शनिवारी?"

"दर शनिवारी."

"पण तू तर म्हणायचीस..."

"तू काय म्हणायचास?"

एक कोंबडी परत आली आणि आमच्या मधून डौलात चालत सतरंजीवर जाऊन बसली. बहुतेक तिची रोजची जागा असावी. दुसरी कुणी असती तर हसली असती. मला हसू आलं नाही. आम्ही दोघं वर्षभर एकमेकांना तरुणपण दाखवत होतो, आणि कुणासाठी? जो मला इतकी वर्षं बघतोय त्याच्यासाठी! माझे केस पांढरे झालेले त्याने पाहिले नव्हते का?

"पहिल्या दिवशी का नाही बोललास?"

"काय बोलणार? जन्मभर लोकांची घरं काढली. एक माझं होतं. वाटलं, एकदा तरी ते जसंच्या तसं उभं राहिलेलं बघावं."

"बघितलंस ना? उभं आहे ना? झालं. आता राहायचं बघ. बोर्ड आण."

त्याने कोरा कागद लावला. मी शिवणाच्या डब्यातला टेप आणला. "पाय उचल. आणखी. दुखलं? किती झालं? साडेपाच इंच. लिही, पायरी साडेपाचच्या वर नको." मग त्याने माझा पाय मोजला. माझा पाच इंचच उचलला जातो. खुर्चीतून उठताना हात कुठे टेकतो ते मोजलं. पलंग खालीच, संडास पलंगापासून सहा पावलांवर, भिंतीला धरायला दांडा. वाफे कमरेएवढ्या उंचीवर बांधायचे, वाकायला नको. तो मधे एकदा कुरकुरला, "हॉस्पिटलसारखं दिसेल गं."

"दिसू दे! हॉस्पिटलात निदान माणसं बाटली लपवत नाहीत."

पुढे निमूट काढत गेला. दारापाशी आला. "अडीच फूट?"

"तीन. चाकाची खुर्ची आत आली पाहिजे."

त्याने पेन थांबवलं. "कुणाची?"

किती पेशंटच्या घरच्यांना मी हे न चाचरता सांगितलंय. इथे मात्र रागच आला पुन्हा, त्याचा, माझा, सगळ्याचा. "मला काय माहीत! आधी ज्याला लागेल त्याची. दुसऱ्याने ढकलायची."

त्याने तीन फूट लिहिलं. मग दारासमोरचा रॅम्प काढायला घेतला. "नियमाने उतार एकास बारा," स्वतःशीच म्हणाला. म्हणजे बारा फूट लांबीला एक फूट चढ. रेघ ओढली, तिच्याकडे बघत बसला, आणि मान वर न करता मला विचारलं, "ढकलणाऱ्याचेही गुडघे गेलेले असतील ना गं?"

"असतील."

त्याने ब्लेड घेतलं, ती रेघ खरवडली आणि एकास वीस उतार धरून नवी ओढली. रॅम्प लांबलचक झाला, अंगणातल्या दोन झाडांना वळसा घालून फाटकापर्यंत गेला. मी पर्समधून क्वार्टरचा फॉर्म काढून बोर्डवर ठेवला, आणि त्याने त्याच पेनने सही केली.